समन्स बजावणीकामी रवाना

२७ नोव्हेंबर २००८. आप्पा रात्रपाळी संपवून आले ते थेट टीव्हीपुढे जाऊन उभे राहिले. कमरेचा पट्टा तसाच, टोपी हातात, बूट घालूनच आत आलेले. एरवी आमच्या घरात हे चालायचं नाही, पण त्या दिवशी त्यांना कुणी काही म्हटलं नाही. पोलीस लाईनीतल्या खोल्या एकमेकींना चिकटून. दहा मिनिटांत शेजारच्या बायका, त्यांची पोरं, रजेवर असलेला एक शिपाई, सगळे आमच्या खोलीत गोळा झाले. पडद्यावर तीन फोटो पुन्हा पुन्हा येत होते. हेमंत करकरे, विजय साळसकर, अशोक कामटे. कामटे साहेब काही महिन्यांपूर्वीपर्यंत आमच्या सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. लाईनीतल्या पोरांनी त्यांना टीव्हीत नव्हे, परेडच्या मैदानावर पाहिलं होतं. त्यांच्या दंडांची मापं आम्ही एकमेकांना सांगायचो.

मी तेव्हा दहावीत होते. जो तो तेच विचारत होता. गोळ्या किती लागल्या, कुठे लागल्या, पकडला तो कोण. आजी कोपऱ्यात परात घेऊन मेथी निवडत बसली होती. तिनं मान वर केली आणि विचारलं, "किती वाजता निघाले हुते घरनं? आन् शेवटचं कुणासंगं बोलले?"

कुणाला काही सुचेना. शेजारच्या काकूंना वाटलं, म्हातारीला नीट कळलेलं नाही. त्या तिला सावकाश समजावून सांगू लागल्या, की आजी, मुंबईत अतिरेकी आलेत. आप्पांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि मघापासून पहिल्यांदा खुर्चीवर बसले.

"माहीत नाही आई," ते म्हणाले. "अजून कुणालाच माहीत नाही."

हा प्रश्न आमच्या घरात त्याआधी चौतीस वर्षं राहत होता. मला त्याचा अर्थ लागायला मात्र आणखी बरीच वर्षं जावी लागली.

माझे आजोबा मोहोळ तालुक्यातले, सीनाकाठच्या एका गावचे. १९५८ साली पोलिसात भरती झाले. तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायचं होतं, आजोबा मुंबई राज्याचे शिपाई. घरची जमीन कोरडवाहू, भाऊ चार, म्हणून एकानं नोकरी धरायची असं ठरलं आणि ज्याची उंची बसली तो गेला. एवढीच त्यामागची गोष्ट. १९७२च्या दुष्काळात गावाकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सुकडी खाऊन दिवस काढत होती, तेव्हा आजोबांच्या पगारावर गावची आणि लाईनीतली मिळून नऊ तोंडं जगली. आजी हे सांगताना आकडा कधी चुकायची नाही. नऊ.

आजोबांकडे बरेचदा समन्स बजावणीचं काम असायचं. कोर्टात साक्षीदाराला अमुक तारखेला हजर राहा असं कळवणारा तो कागद. सिनेमात पोलीस गोळ्या झाडतात आणि गुन्हेगारांमागे पळतात. खऱ्या ठाण्यातला निम्मा शिपाई मात्र जन्मभर हे असले कागद घेऊन फिरत असतो. आजोबा सायकलवर जायचे. कॅरिअरला थैली, हँडलला डबा. गावात माणूस सापडला नाही तर त्याच्या शेतात, शेतात नसला तर पाहुण्याच्या गावी. बजावणी झाल्याशिवाय कागद परत आणणं त्यांना कमीपणाचं वाटे.

१९७४चा नोव्हेंबर. दिवाळी आठ दिवसांवर. आजीनं डब्यात दोन भाकरी, लसणाची चटणी आणि कांदा दिला. अॅल्युमिनियमचा गोल, कडीचा डबा. दुपारी आजोबा ठाण्यातून निघाले. संध्याकाळी सातच्या सुमाराला विजापूर रोडवर एका मालट्रकनं त्यांना मागून उडवलं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. आप्पा तेव्हा अकरा वर्षांचे.

दुसऱ्या दिवशी एक हवालदार काका घरी सामान घेऊन आले. टोपी, हवा भरायचा पंप, पट्ट्याचं पितळी बक्कल आणि तो डबा. कोर्टाच्या कागदांची थैली कार्यालयात जमा झाली होती.

आणि मग सुरू झालं ते आजी कधी मोठ्यानं बोलली नाही. आप्पांकडून मी ते तुकड्यातुकड्यानं गोळा केलंय. ठाण्याच्या स्टेशन डायरीत आजोबांच्या नावापुढे एका गावाचं नाव होतं. अपघात झाला तो रस्ता त्या गावाचा नव्हता, तीन-चार मैलांनी बाजूला होता. कुठल्यातरी साहेबानं बसल्याजागी म्हणून टाकलं, घरगुती कामाला गेला असणार. दिवाळी तोंडावर, पाव्हण्यारावळ्याकडे गेला असेल. हे वाक्य कागदावर आलं असतं तर माणूस कर्तव्यावर मेला नाही असं ठरलं असतं. पैशाचा फरक पडला असताच. पण आजीला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. मालक ड्युटीच्या वेळेत ड्युटी सोडून फिरत होते, असं तिच्या नवऱ्याबद्दल कुणीतरी म्हणालं होतं.

ती ठाण्यात गेली. एकदा नाही, रोज. पायरीवर बसून राहायची. शेवटी तिथल्या राइटर हवालदारांना राहवलं नाही आणि त्यांनी डायरीतली ओळ तिला वाचून दाखवली. वेळ १३.४०, आजोबांचं नाव, बक्कल नंबर, गावाचं नाव आणि पुढे "समन्स बजावणीकामी रवाना". आजीला अक्षर येत नव्हतं. तिनं ती ओळ तीनदा वाचायला लावली, घरी येईपर्यंत तोंडात घोळवली आणि आप्पांना म्हणाली, लिही. आप्पांनी गणिताच्या वहीचं पान फाडून त्यावर लिहिलं. ते पान अजून आमच्या ट्रंकेत आहे. चौकटीचा कागद, एकेका चौकटीत एकेक अक्षर बसवलंय. 'बजावणी'तला 'ब' पोट फोडायचा राहून 'व' झालाय.

पोलिसाच्या जाण्याची नोंद होते तशी परत आल्याचीही व्हावी लागते. आप्पा पुढे स्वतः पोलीस झाल्यावर मला हे समजावून सांगायचे, तेव्हा बोटानं हवेत दोन रकाने काढायचे. रवाना आणि हजर. दुसऱ्या रकान्यापाशी त्यांचं बोट थांबायचं.

आजीनं पुढे जे केलं त्याला मी तपास म्हणते. ठाण्यातल्या कुणाला सुचलं नाही ते तिला सुचलं, कारण ठाण्यातल्या कुणी तो डबा भरला नव्हता. तेरावं झाल्यावर भांडी आवरताना तिनं डबा उघडला आणि तो तसाच हातात धरून बसली. आजोबा डबा कधी धुऊन आणायचे नाहीत. चटणीचा वास, तेलाचा ओघळ, कांद्याची सालं, सगळं तसंच घरी यायचं आणि त्यावरून रोज बोलाचाली व्हायची. हा डबा धुतलेला होता, चटणीचा वाससुद्धा नव्हता. तळाला मात्र चिमूटभर काळी माती.

"डबा धुतलाय म्हंजी हिरीवर बसले हुते," ती आपल्या भावाला म्हणाली. "कुणाच्या तरी वस्तीवर जेवल्यात. ती वस्ती हुडकू."

आप्पांचे मामा आणि आजी तो रस्ता पायी चालले. दोन दिवस. प्रत्येक वस्तीवर एकच विचारणं, सायकलवाला पोलीस जेवायला बसला होता का. दुसऱ्या दिवशी दुपारी एका वस्तीवरचा माणूस उठून उभा राहिला. गावात त्याचं घर होतं, पण शेंगा काढायच्या म्हणून महिनाभर सगळं बिऱ्हाड शेतात आणलं होतं. समन्स त्याच्याच नावाचं. एका मारामारीच्या केसमध्ये तो साक्षीदार होता. आजोबा आधी गावात गेले, तिथं तो नाही म्हटल्यावर वस्ती शोधत इकडं आले. म्हणून रस्ता बदलला होता.

त्यानं छपराच्या वळचणीतून घडी घातलेला कागद काढून आजीपुढे धरला. समन्सची त्याची प्रत.

आप्पांना ही जागा सांगताना कलम सांगितल्याशिवाय राहवत नाही. समन्स दोन प्रतींत असतं. एक ज्याला बजावायचं त्याच्या हातात द्यायची आणि दुसरीच्या पाठीमागे पोच म्हणून त्याची सही किंवा अंगठा घ्यायचा. तेव्हाची फौजदारी प्रक्रिया संहिता १९७३, कलम ६२. १ एप्रिल १९७४ला लागू झाली, म्हणजे आजोबा गेले तेव्हा ती नवीकोरी होती. "एक प्रत याच्याकडे आहे तर दुसरी थैलीत असणारच," आप्पा म्हणतात. "थैली कुणी उघडूनच बघितली नव्हती!" पन्नास वर्षांनंतरही हे म्हणताना त्यांचा आवाज चढतो.

तो शेतकरी धुतलेला फेटा बांधून दुसऱ्या दिवशी आजीबरोबर कार्यालयात आला. थैली उघडायला लावली. आत दुसरी प्रत, पाठीवर त्याचा निळा अंगठा, खाली आजोबांच्या अक्षरात तारीख आणि वेळ. आजी पुढे आयुष्यभर पेन्शनच्या कागदावर अंगठा उठवत आली. प्रत्येक वेळी बोट पुसताना त्या माणसाला नाव घेऊन आशीर्वाद द्यायची. त्याचं नाव मी इथं लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही.

कामटे साहेबांच्या घराण्याविषयी मी नंतर वाचलं. पणजोबा मारुतीराव कामटे १८९५ ते १९२३ इंग्रजांच्या काळात पोलीस सेवेत, रावबहादूर किताब मिळालेले. आजोबा नारायणराव १९२३ साली नोकरीत आले आणि देश स्वतंत्र झाला तेव्हा मुंबई प्रांताचे पहिले भारतीय पोलीस महानिरीक्षक झाले. वडील लष्करात. साहेब स्वतः १९८९च्या तुकडीतले आयपीएस. पोलीस आणि लष्कर धरून एकाच घरात एकशे तेरा वर्षं खाकी आणि हिरवा कपडा वाळत पडत होता. हे वाचताना मला अभिमानच वाटला. आपल्या गावाला असा माणूस आयुक्त म्हणून लाभला याचा.

पण त्या घराण्याच्या इतिहासातलं मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पान त्यांच्या पत्नीनं लिहिलेलं आहे. त्या रात्री साहेब पूर्व विभागाचे अपर पोलीस आयुक्त होते, कार्यालय चेंबूरला. कामा रुग्णालयाजवळच्या रंगभवनच्या गल्लीत ते कसे पोचले? कुणी बोलावलं, मदत कधी मागितली, ती कुणी ऐकली? विनिता कामटे यांनी हे प्रश्न सोडले नाहीत. माहितीच्या अधिकारात नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागवल्या, माणसांना भेटल्या, मिनिटामिनिटाचा हिशेब लावला आणि २००९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. वर्तमानपत्रात त्याविषयी आलेलं मी आजीला वाचून दाखवलं होतं. ती शेवटपर्यंत काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाई शिकल्याली हाय, पर काम त्येच केलं बघ. तिलाबी थैली उघडाय लावावी लागली."

त्याच वर्षी २६ जानेवारीला विनिता कामटे यांना राष्ट्रपतींच्या हातून साहेबांचं अशोकचक्र घेताना आजीनं टीव्हीवर पाहिलं होतं. तेव्हा तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला होता. घरात कुणी मोठं माणूस आल्यावर करायची तसा.

आप्पा १९८१ साली पोलिसात भरती झाले. आजीनं अडवलं नाही, हे मला नेहमी नवल वाटत आलंय. तिनं फक्त एक मागितलं. घरातून निघताना कुठे आणि किती वाजता ते सांगून जायचं, आणि पोचल्यावर कुणाच्या तरी हाती निरोप द्यायचा. सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेचा बंदोबस्त असो नाहीतर पंढरपूरला आषाढीचा, तेव्हा फोन नसायचे, तरी निरोप यायचा. परतणाऱ्या एखाद्या शिपायाबरोबर, एसटीच्या कंडक्टरबरोबर, एकदा तर एका वारकऱ्याबरोबर. 'चंद्रभागेच्या वाळवंटात आहे, पाऊस आहे, बरा आहे.' आईला लग्नानंतर पहिल्या वर्षी हे फार जाचक वाटलं. नंतर तीच आम्हा भावंडांना दारात अडवून वेळ विचारू लागली.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला आप्पा मला मैदानावर न्यायचे. १९५९ साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथं चिनी सैन्याच्या हल्ल्यात आपले दहा पोलीस मारले गेले, म्हणून हा पोलीस स्मृतिदिन. सकाळी शोकशस्त्राचा हुकूम होतो, बंदुकांची तोंडं जमिनीकडे वळतात. मग मागच्या १ सप्टेंबरपासून यंदाच्या ३१ ऑगस्टपर्यंत देशभरात कर्तव्यावर गेलेल्या पोलिसांची नावं वाचली जातात. खूप वेळ लागतो. लहान असताना मी कंटाळायचे. तिसऱ्या-चौथ्या वर्षी नावांमधलं पद ऐकू यायला लागलं. शिपाई, शिपाई, हवालदार, शिपाई. अधूनमधून एखादा निरीक्षक.

२०१८ साली याच तारखेला दिल्लीत राष्ट्रीय पोलीस स्मारक उघडलं, भिंतीवर चौतीस हजारांवर नावं कोरली. आप्पांनी ती बातमी कापून ट्रंकेत ठेवलीय, गणिताच्या वहीच्या पानाशेजारी. आजोबा त्या ओळींत नाहीत. रस्त्यावरचा अपघात तो. आप्पांना मी विचारलं, वाईट वाटतं का? म्हणाले, "थैली उघडली, त्या दिवशीच आईचं समाधान झालं होतं. मग मी कशाला वाईट वाटून घेऊ."

आणखी एक आठवण इथंच लिहून टाकते, पुन्हा लिहिणं होणार नाही. १२ जानेवारीला चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी आप्पांचा बंदोबस्त असायचा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. १९३०च्या मे महिन्यात सोलापूर पेटलं, मार्शल लॉ लागला, आणि या चौघांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी दिलं. खटला होता मंगळवार पेठेतल्या चौकीवर दोन पोलीस मारले गेले त्याचा. सोलापुरानं या चौघांना कधी गुन्हेगार मानलं नाही, आमच्या घरानंही नाही. एका वर्षी आप्पांनी हार घालून झाल्यावर हात जोडले, बराच वेळ तसेच उभे राहिले आणि घरी येताना स्कूटरवर मागे बसलेल्या मला म्हणाले, "त्या दोन पोलिसांच्या घरी निरोप कुणी नेला असेल गं?" मी गप्प बसले. बाळीवेसपर्यंत तेही काही बोलले नाहीत.

आजी २०१५ साली गेली. शेवटच्या वर्षात तिची आठवण जागा सोडू लागली होती. नातवंडांची नावं चुकायची, पण त्या वस्तीवरची हकिगत जशीच्या तशी. आजोबांच्या वर्षश्राद्धाला ती पुन्हा तिथं गेली होती आणि त्या शेतकऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगायला लावलं होतं. आजोबा घामाघूम होऊन आले. विहिरीवर हातपाय धुतले. लिंबाखाली बसून भाकरी खाल्ली. समन्स वाचून दाखवलं आणि म्हणाले, घाबरू नको, तू आरोपी नाहीस, बघितलं तेवढं सांगायचंय. अंगठा घेताना त्याचा हात थरथरत होता, तो आजोबांनी मनगटाला धरून टेकवला. मग सायकलची उतरलेली चेन बसवली. हात काळे झाले म्हणून पुन्हा विहिरीवर गेले, तेव्हाच डबाही विसळला. शेतकऱ्याच्या बायकोनं डबा मागून घेतला आणि नुकत्या उपटलेल्या ओल्या शेंगांनी भरला. आजोबा नको म्हणाले. कुणाचं काही घेत नसत ते. मग म्हणाले, बरं द्या, पोरगं खाईल. साडेपाचला निघाले.

"साडेपाचपत्तूर कळलं," आजी म्हणायची. "म्होरं दीड तास ऱ्हायला." आणि मग दर वेळी, "शेंगा कुटं गेल्या कुणास ठावं. रस्त्यात सांडल्या असत्याल."

गेल्या दिवाळीत आम्ही ट्रंक आवरत होतो. आप्पा २०२१ला सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले, आता त्यांना असल्या कामांना वेळ असतो. ब्रासो आणि जुन्या बनियनची चिंधी घेऊन ते बक्कल घासत होते. नंबरच्या खाचांत पांढरी भुकटी अडकते, ती काडीनं काढावी लागते. डबा मी पुसत होते. मी सहज म्हटलं, "आजी म्हणायची, शेंगा सांडल्या असतील."

आप्पांची काडी थांबली.

"सांडल्या नव्हत्या," ते म्हणाले. "त्या दिवशी घरात माणसं भरलेली, चूल पेटलेली नव्हती. मला भूक लागली होती. काकांनी सामान कोपऱ्यात ठेवलं तेव्हा डबा जड लागला, म्हणून मागच्या पडवीत नेऊन उघडला." थोडं थांबून म्हणाले, "सगळ्या खाल्ल्या. टरफलं गटारीत टाकली. आईला कधी सांगितलं नाही."

मग त्यांनी बक्कल उजेडाला धरून बघितलं आणि पुन्हा घासायला घेतलं.